आल्प्स ओलांडून इटलीकडे

युरोप खंडाचा नकाशा समोर पसरला, की दक्षिणेस भूमध्य समुद्रात उतरलेला, उंच बुटाच्या आकाराचा एक देश चटकन नजरेत भरतो. तो इटली होय. या देशाच्या तीन बाजूंना समुद्र आहे आणि उत्तरेस आल्प्स पर्वताची प्रचंड भिंत कमानीसारखी उभी आहे. ही पर्वतरांग सुमारे १,२०० किलोमीटर लांब असून तिच्यातील मों ब्लां या शिखराची उंची ४,८०० मीटरांहून अधिक आहे.

उत्तर युरोपातील लोकांना इटलीची ओढ फार प्राचीन काळापासून वाटत आली आहे. रोमच्या यात्रेला निघालेले भाविक, रेशीम व मसाले आणणारे व्यापारी, चित्रकला शिकू इच्छिणारे तरुण, राज्यविस्ताराच्या लोभाने निघालेले सेनापती, या सर्वांची पावले दक्षिणेकडे वळत. त्या सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राही : ही भिंत ओलांडायची कोठून? आज विमानात बसले, तर दोन तासांच्या आत हॉलंडमधून मिलानला पोहोचता येते. परंतु ढगांवरून जाणाऱ्याला ना नदी भेटते, ना गाव, ना घाट. ज्याला भूमी पाहावयाची आहे, त्याने रस्त्यानेच जावे. आणि रस्त्याने जावयाचे तर आधी योजना करावी. अशी योजना करणे हाच भूगोलाचा आणि इतिहासाचा एक उत्तम पाठ आहे.

वाट कोणती निवडावी?

आल्प्स ओलांडण्याच्या वाटा अनेक आहेत. पूर्वेकडील ब्रेनर खिंड सुमारे १,३७० मीटर उंच, म्हणजे मोठ्या खिंडींमध्ये सर्वांत ठेंगणी. त्यामुळे तेथे वर्दळ अतोनात. पश्चिमेकडील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड २,४६९ मीटर उंच आहे. तेथील धर्मशाळेतील साधूंनी व त्यांच्या धिप्पाड कुत्र्यांनी हिमात सापडलेल्या अनेक वाटसरूंचे प्राण वाचविले. इ. स. १८०० मध्ये नेपोलियनने याच खिंडीतून आपले सैन्य इटलीत उतरविले आणि त्यानंतर तोफा सुलभपणे नेता याव्यात म्हणून सिंप्लॉन खिंडीतून नवा रस्ता बांधविला. तो १८०५ मध्ये पूर्ण झाला.

या सर्वांच्या मध्यभागी, स्वित्झर्लंडच्या काळजात, सेंट गॉटहार्ड खिंड आहे. रॉटरडॅमजवळ समुद्रास मिळणारी ऱ्हाइन नदी आणि इटलीतील पो नदीस मिळणारी तिचिनो नदी, या दोघींचे उगम गॉटहार्डच्या परिसरातच आहेत. म्हणून प्रवाशाने एका नदीच्या मुखापासून निघावे, तिच्या काठाने वर वर चढत जावे, पर्वताचा माथा ओलांडावा आणि दुसऱ्या नदीच्या सोबतीने खाली उतरावे, ही योजना फार सुंदर ठरते. नद्यांनी आखलेला हा मार्ग हजार किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. मोटार भरधाव सोडली तर एका दिवसातही तो उरकता येईल. परंतु पाहत पाहत जाण्यासाठी सहा दिवस तरी हाताशी असावेत. दररोज दोनशे ते अडीचशे किलोमीटरांपेक्षा अधिक पल्ला धरू नये. घाटाच्या दिवशी तर त्याहूनही कमी धरावा.

सर्वांत महत्त्वाची निवड आहे ती ऋतूची. गॉटहार्डचा घाटरस्ता हिवाळ्यात बर्फाखाली गाडला जातो. साधारणतः मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतच तो वाहनांस खुला असतो. ज्याने एप्रिलमध्ये घाट चढण्याचा बेत केला, त्याची योजना कागदावरच राहील. शिवाय भारतातून गेलेल्या माणसाने तेथे वाहन उजव्या बाजूने हाकावे लागते याचा विसर पडू देऊ नये. प्रवेशाचा व्हिसा आणि वाहन चालविण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना त्याच्याजवळ असावा. स्वित्झर्लंडच्या द्रुतमार्गांवर जाण्यासाठी वेगळे शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. तेथील नाणेही निराळे आहे. शेजारच्या देशांत युरो चालतो, तर स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक.

ऱ्हाइनच्या काठाने

रॉटरडॅम हे युरोपातील सर्वांत मोठे बंदर. येथून निघाल्यावर प्रारंभी सर्व प्रदेश सपाट, हिरवागार आणि कालव्यांनी विणलेला दिसतो. जर्मनीत शिरल्यावर पहिला मुक्काम कोलोन शहरी करावा. तेथील प्रार्थनामंदिराची दोन टोकदार शिखरे १५७ मीटर उंच आहेत. या मंदिराचा पाया १२४८ मध्ये घातला गेला आणि काम पूर्ण झाले ते १८८० मध्ये. मधली कित्येक शतके काम बंदच होते. तरी आपल्या पूर्वजांचा संकल्प लोक विसरले नाहीत.

कोलोनच्या पुढे कोब्लेन्झपासून बिंगेनपर्यंत ऱ्हाइन नदी डोंगर कापीत येते. सुमारे ६५ किलोमीटरांच्या या अरुंद दरीत दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळे आणि त्यांच्या माथ्यावर जुने किल्ले दिसतात. नदीतून जाणाऱ्या नावांकडून जकात वसूल करण्यासाठी सरदारांनी यांतील कित्येक किल्ले उभारले. या टापूत नदीवर पूल नाही. पलीकडे जावयाचे असल्यास मोटारीसह फेरीबोटीत चढावे लागते. म्हणून कोणत्या तीराने जावयाचे, हे नकाशा पाहून आधीच ठरविलेले बरे.

तिसऱ्या मुक्कामाचे गाव स्ट्रासबर्ग. येथे ऱ्हाइन ही फ्रान्स व जर्मनी यांची सीमा आहे. १८७१ मध्ये हे शहर फ्रान्सकडून जर्मनीकडे गेले, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परत आले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सचे झाले. १८७० मध्ये तेथे जन्मलेल्या आणि दीर्घायुषी झालेल्या माणसाचे राष्ट्र, त्याने आपले घर न सोडताही, चार वेळा बदलले! ज्या नदीसाठी इतके रक्त सांडले, तिच्यावरील पुलावरून आज ट्रामगाडी धावते. एरवी प्रवाशाला कोणी अडवीतही नाही. तथापि प्रसंगी तपासणी होते, म्हणून कागदपत्रे हाताशी ठेवावीत.

सैतानाचा पूल

बाझेल येथे स्वित्झर्लंडमध्ये प्रवेश केला, की पर्वतांची चाहूल लागते. ल्यूसर्नचे सरोवर येते आणि त्याचे निळे पाणी सरळ उभ्या कड्यांना जाऊन भिडलेले दिसते. या कड्यांत आक्सेनचा रस्ता १८६५ मध्ये कोरण्यात आला. त्यापूर्वी गॉटहार्डकडे जाणारा माल व माणसे सरोवरातून नावेनेच जात. सरोवराच्या टोकापलीकडे अल्टडॉर्फ हे गाव आहे. मुलाच्या मस्तकावरील सफरचंद बाणाने अचूक उडविणाऱ्या विल्यम टेलचा पुतळा तेथे उभा आहे. टेल खरोखर होऊन गेला काय, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. परंतु स्विस लोकांच्या मनातील त्याचे स्थान त्यामुळे ढळलेले नाही.

येथून रॉयस नदीच्या काठाने चढ सुरू होतो. ग्योशेनेन गावाच्या पुढे शोलेनेन नावाची भयंकर घळ लागते. दोन्ही बाजूंस काळे, ओले कडे आणि तळाशी फेसाळत कोसळणारी नदी! हीच घळ शतकानुशतके गॉटहार्डच्या वाटेतील मुख्य अडसर होती. तेराव्या शतकात कोणा धाडसी लोकांनी येथे लाकडी पूल टाकला आणि मग ही वाट वाहू लागली. कड्याच्या अंगाला साखळ्यांनी टांगलेल्या फळ्यांवरून माणसे आणि ओझ्याची जनावरे जीव मुठीत धरून जात. पुढे १७०८ मध्ये त्या कड्यातून ६४ मीटर लांबीचे भुयार खोदण्यात आले. आल्प्समधील रस्त्याचे हे पहिले भुयार मानले जाते.

या पुलाविषयी एक दंतकथा आहे. गावकऱ्यांना पूल काही केल्या बांधता येईना. तेव्हा त्यांचा मुखी वैतागून म्हणाला, "आता सैतानानेच पूल बांधावा!" तोच सैतान पुढे येऊन उभा राहिला. त्याने पूल बांधून देण्याचे कबूल केले. अट एकच, की जो पहिला पूल ओलांडील त्याचा जीव आपला. पूल तयार झाला. गावकरी मोठे चतुर! त्यांनी सर्वांआधी एक बोकड पुलावर हाकलला. सैतान संतापला आणि पूल फोडण्यासाठी त्याने एक प्रचंड शिळा उचलली. परंतु एका वृद्ध स्त्रीने शिळेवर क्रुसाची खूण करताच तिला ती शक्ती उरली नाही. ती शिळा आजही ग्योशेनेनजवळ दाखवितात. नव्या द्रुतमार्गाच्या आड आली म्हणून १९७७ मध्ये ती सुमारे १२७ मीटर बाजूला सरकविण्यात आली. सैतानाची शिळा माणसांनी हलविली!

आज त्या घळीत दोन पूल एकमेकांशेजारी दिसतात. एक १८३० चा आणि दुसरा, ज्यावरून मोटारी जातात तो, १९५८ चा. त्याहून जुना १५९५ चा पूल १८८८ मध्ये कोसळला. पिढ्यामागून पिढ्यांनी तोच अडसर पुन्हा पुन्हा जिंकला.

डोंगराच्या पोटात

घळीच्या वर आंडरमाट हे गाव आहे. तेथून गॉटहार्डच्या माथ्यावर जाता येते. परंतु त्याआधीच, ग्योशेनेन येथे, प्रवाशापुढे निवडीचा क्षण येतो. तेथून डोंगराच्या पोटात शिरणारा बोगदा सरळ पलीकडच्या ऐरोलो गावी नेऊन सोडतो. १९८० मध्ये खुल्या झालेल्या या रस्त्याच्या बोगद्याची लांबी जवळजवळ १७ किलोमीटर आहे. एकाच नळीत दोन्ही दिशांची वाहने समोरासमोर धावत. २४ ऑक्टोबर २००१ रोजी दोन मालमोटारींची टक्कर होऊन आग लागली आणि अकरा माणसे प्राणास मुकली. त्यानंतर मालमोटारींना अंतर राखून सोडण्यात येऊ लागले आणि २०२१ मध्ये शेजारी दुसरा बोगदा खणण्याचे काम सुरू झाले.

परंतु याच डोंगरातील पहिल्या बोगद्याची कथा त्याहूनही हृदयद्रावक आहे. तो रेल्वेचा बोगदा होय. त्याची लांबी १५ किलोमीटर. १८७२ मध्ये लुई फाव्र नावाच्या जिनिव्हाच्या कंत्राटदाराने तो आठ वर्षांत पुरा करण्याचे वचन दिले. उशीर झाल्यास जबर दंड ठरला होता. दोन्ही टोकांनी खोदकाम सुरू झाले. नद्यांच्या पाण्याच्या जोरावर हवा दाबून त्या हवेने छिद्रे पाडणारी यंत्रे चालविली जात आणि सुरुंगाची दारू ठासून खडक उडविला जाई. आत असह्य उष्मा, धूर आणि गुडघाभर पाणी. मजूर बहुतेक इटलीतून आलेले गरीब लोक होते. १८७५ मध्ये त्यांनी काम थांबवून गाऱ्हाणे मांडले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला व चार जण ठार झाले. अपघात आणि रोगराई यांत बोगदा पूर्ण होईतो सुमारे दोनशे मजुरांचा बळी गेला.

खुद्द फाव्रही यातून सुटला नाही. १८७९ च्या जुलै महिन्यात बोगद्याची पाहणी करीत असता तो आतच कोसळला व मरण पावला. सात महिन्यांनी, १८८० च्या फेब्रुवारीत, मधला पातळ खडक फुटला आणि दोन्हीकडच्या मजुरांना एकमेकांचा आवाज ऐकू आला. तेव्हा त्या छिद्रातून प्रथम पलीकडे काय गेले असेल? माणूस नव्हे, तर एका डबीत ठेवलेले फाव्रचे चित्र! जो बोगदा त्याला जिवंतपणी ओलांडता आला नाही, तो त्याच्या मजुरांनी त्याला असा ओलांडविला. दोन्ही टोकांच्या खोदकामांत आडवा फरक केवळ ३३ सेंटिमीटर आणि उभा फरक ५ सेंटिमीटर निघाला. इतके अचूक त्यांचे मोजमाप होते. १८८२ मध्ये या बोगद्यातून आगगाड्या धावू लागल्या.

त्याच पर्वतरांगेखालून ५७ किलोमीटर लांबीचा आणखी एक रेल्वेमार्ग २०१६ मध्ये खुला झाला. तो खोदताना नऊ जणांचे प्राण गेले. पहिल्या बोगद्याच्या तुलनेत ही संख्या कितीतरी कमी आहे. तरी त्या नऊ घरांचे दुःख काही कमी नव्हे.

माथा आणि उतार

बोगद्यातून जाणाऱ्या प्रवाशाला पंधरा-वीस मिनिटांत पलीकडचा प्रकाश दिसतो. ज्याने घाट निवडला, तो मात्र वळणे घेत घेत, झाडांना मागे टाकून, खडक, गवत आणि लहान तळी यांच्या उघड्या जगात येतो. माथ्याची उंची सुमारे २,१०० मीटर आहे. येथे एक जुनी धर्मशाळा आहे. हाच जलविभाजक. उत्तरेच्या उतारावर पडलेले पाणी रॉयसमधून ऱ्हाइनला मिळते व उत्तर समुद्रास जाते. दक्षिणेच्या उतारावरील पाणी तिचिनो व पो यांतून एड्रियाटिक समुद्रास मिळते. प्रवाशाने सहा दिवसांत आखलेली रेषा पाण्याने सहस्रावधी वर्षांपूर्वीच आखून ठेवलेली आहे.

जर्मन महाकवी गटे १७७५ मध्ये या माथ्यावर आला होता. इटली समोर होती. तरी तो येथूनच परत फिरला. १७७९ मध्ये तो पुन्हा आला आणि पुन्हा माघारी वळला. अखेर १७८६ मध्ये तो इटलीत गेला, परंतु ब्रेनर खिंडीने!

माथ्यावरून दक्षिणेकडे ट्रेमोला नावाचा जुना रस्ता उतरतो. घडीव दगडांनी फरसबंद केलेल्या या रस्त्याला चोवीस तीव्र वळणे आहेत. १८३० च्या सुमारास तो तयार झाला, तेव्हा येथून घोड्यांची टपालगाडी धावू लागली. रुडॉल्फ कोलर या स्विस चित्रकाराने १८७३ मध्ये तिचे एक विख्यात चित्र काढले : घोडे भरधाव येत आहेत आणि त्यांच्या पुढे एक घाबरलेले वासरू जिवाच्या आकांताने पळत आहे. आजच्या चालकानेही ते चित्र मनात ठेवावे आणि या वळणांवर गाडी सावकाश हाकावी.

खाली ऐरोलो येते. घाटाच्या पलीकडे पाट्यांवर जर्मन भाषा होती. येथे ती इटालियन होते. देश मात्र अद्याप स्वित्झर्लंडच असतो. ऐरोलोच्या रेल्वेस्थानकाजवळ क्षणभर थांबावे. व्हिन्चेंझो व्हेला या शिल्पकाराने बोगद्यात मेलेल्या मजुरांसाठी घडविलेले शिल्प तेथे ब्राँझमध्ये आहे. मृत सोबत्याला घेऊन काही मजूर बोगद्यातून बाहेर येत आहेत, असा तो देखावा आहे. त्यात ना राजा आहे, ना सेनापती.

मिलानच्या गच्चीवरून

आता वाट तिचिनो नदीच्या सोबतीने उतरते. हवा उबदार होत जाते, चेस्टनटची झाडे दिसू लागतात आणि लुगानोच्या सरोवराकाठी ताडाच्या जातीची झाडेही भेटतात. बेलिंझोना येथे दरीचे तोंड अडवून तीन किल्ले उभे आहेत. पुढे कियासो येथे सीमा ओलांडली, की इटली! कोमोचे सरोवर डावीकडे ठेवून प्रवासी मिलानच्या मैदानात उतरतो.

मिलानचे भव्य प्रार्थनामंदिर १३८६ मध्ये बांधावयास घेतले गेले. त्याचा गुलाबी छटेचा संगमरवर आल्प्सच्या पायथ्याच्या खाणीतून निघाला आणि माज्जोरे सरोवर, तिचिनो नदी व तिच्यातून काढलेला कालवा यांतून नावांनी शहरापर्यंत आला. म्हणजे ज्या नदीचा उगम प्रवाशाने घाटमाथ्यावर पाहिला, तिनेच हे मंदिर वाहून आणले, असे म्हणावयास हरकत नाही. मंदिराच्या गच्चीवर चढता येते. आकाश निरभ्र असेल, तर तेथून उत्तरेकडे आल्प्सची हिमाच्छादित रांग दिसते. जो बोगद्यातून आला, त्याला ती केवळ एक सुंदर रांग दिसते. जो घाटाने आला, त्याला तीतील वाटा दिसतात आणि त्या वाटा ज्यांनी खोदल्या ती माणसेही आठवतात.

अभ्यास

१. उत्तर युरोपातील कोणकोणते लोक इटलीकडे जात असत?
२. गॉटहार्डची वाट निवडण्याचे कारण पाठात कोणते दिले आहे?
३. फाव्रचे चित्र छिद्रातून प्रथम पलीकडे का पाठविले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. व्हेलाच्या शिल्पाविषयी 'त्यात ना राजा आहे, ना सेनापती' असे म्हटले आहे. त्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : जीव मुठीत धरणे, प्राणास मुकणे, चाहूल लागणे, माघारी वळणे.
६. नकाशात ऱ्हाइन व तिचिनो या नद्या शोधा आणि पाठातील गावे क्रमाने लिहून प्रवासाचा मार्ग आखा.